उसातला खोकला

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी फोनवर विषय सांगितला तेव्हा मला हसू आलं. "थंडीतल्या सर्दी-तापात अंगातली ताकद टिकवायचे नैसर्गिक उपाय लिहा," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं खेड्यात काढलीत, तुमच्याकडे खजिनाच असेल."

खजिना वगैरे काही नाही. जे आहे ते चार ओळींत संपतं, ते आधीच सांगून टाकते. ताजं आणि पोटभर जेवा. झोप मोडू नका. सकाळचं ऊन अंगावर घ्या. थंडी आहे म्हणून खिडक्या लावून सगळे एका खोलीत कोंडून घेऊ नका. हात साबणानं धुवा, खोकताना तोंडावर पदर किंवा रुमाल धरा. म्हाताऱ्या माणसांनी डॉक्टरांना विचारून फ्लूची लस घ्यावी. सुंठ, हळद, तुळस, आवळा यांनी घशाला बरं वाटतं, तोंडाला चव येते, म्हणून खुशाल घ्या. पण दम लागायला लागला की काढा उकळत बसू नका, दवाखाना गाठा. झाला लेख.

बाकी माझ्याकडे आहेत ती माणसं. त्यातल्या एका म्हाताऱ्याची गोष्ट मी घराबाहेर कधी बोलले नाही. नोकरीत असताना बोलले असते तर लोक म्हणाले असते, शिष्टर भुताखेतांच्या नादी लागल्या. आता निवृत्त झाले आहे. काय म्हणायचं ते म्हणू देत.

मी राहुरी तालुक्यात, मुळेच्या कालव्याकडेच्या एका गावी उपकेंद्रात आरोग्यसेविका होते. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक ओटा आणि दारात एक लिंबाचं झाड. बाळंतपणाची नोंद, बाळांची लसीकरणं, तापाचे रुग्ण शोधणं आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे गृहभेटी. आमच्याकडे निम्मं गाव गावात राहत नाही. ज्याच्या त्याच्या रानात, उसाच्या मधोमध, एकेक घर करून राहतं. त्याला वस्ती म्हणायचं. एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीवर जायचं म्हणजे दोन्ही बाजूंना डोक्यावर गेलेला ऊस आणि मधून चाकोरी. दिवसाढवळ्याही तिथं आपला आवाज आपल्याला परका वाटतो.

थंडी पडली की आमचा हंगाम सुरू. कारखान्याच्या चिमणीतून धूर निघायला लागला की घराघरांतून नाकं गळायला लागायची. आणि प्रत्येक घरात एक वैद्य असायचाच. एक रिटायर झालेले ग्रामसेवक कोरोनाच्या दिवसांत मिरी-लवंग-दालचिनीचा काढा पाण्यासारखा प्यायला लागले. तोंड आलं, छातीत जळजळ सुरू झाली, जेवण सुटलं. मला म्हणाले, "शिष्टर, प्रतिकारशक्ती लई वाढली. आता ती मलाच हाणती." मी त्यांना आठवडाभर ताक-भात खायला लावला. एका आजीबाईंनी नातवाला सर्दी झाली म्हणून ओवा आणि लसणाच्या सालींची अशी धुरी दिली होती, की मला खोलीत बाळ दिसेना. मी बाळ उचलून ओट्यावर उन्हात आणलं, तर आजी फणकारल्या, "तुमच्या आईनं तुमाला दिली नव्हती व्हय धुरी?" दिली होती. माझं माहेर नगरच्या ख्रिस्ती वस्तीतलं. आई प्रार्थनाही करायची, निरगुडीच्या पाल्याचा वाफाराही द्यायची आणि धुरीही. म्हणूनच मी लहानपणी इतकी खोकायची, हे मला नर्सिंगला गेल्यावर कळलं. आजींना तेवढंच सांगितलं. शिवाय वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, हेही सांगितलं. त्यावरून त्या माझ्याशी बरेच दिवस बोलल्या नाहीत.

तर अशी ती नोकरी. आता तात्यांचं सांगते.

कोरोनाची मोठी लाट ओसरल्यावरचा हिवाळा होता. आमच्या गावात तापाची साथ होती. फ्लूच होता, पण लोक इतके धास्तावलेले की कुणी शिंकलं की शेजारचं दार लागायचं. मी आणि आमची आशा कार्यकर्ती मंदा, दोघी तिच्या स्कूटीवर वस्त्या फिरत होतो. मंदा बौद्ध वाड्यातली, बारावी झालेली, धीट बाई. कोरोनात जिथं घरची माणसं जाईनात तिथं ती गेली होती. त्या दिवशी दुपारी कालव्याच्या चारीशी, छोट्या पाटाशी, आल्यावर तिनं स्कूटी थांबवली.

"शिष्टर, रंगनाथ तात्याच्या वस्तीवर आज नको."

"का? म्हातारा एकटा आहे. त्याला ताप आहे असं तूच म्हणालीस."

"ताप हाय. पन तिकडं संध्याकाळ करून जायचं नाई म्हनतात समदे."

"काय आहे तिकडं?"

मंदानं माझ्याकडे पाहिलं नाही. "भागाबाई खोकते," ती म्हणाली.

भागाबाई म्हणजे तात्यांची बायको. ती कोरोनात गेली होती. मला चांगली आठवत होती. खोकत खोकत रुग्णवाहिकेत चढली, चढताना मला म्हणाली, "शिष्टर, ह्यांच्याकडं लक्ष ठिवा, ह्यांना चुलीचं कायसुदीक येत न्हाई." नगरला नेली. चार-सहा दिवसांनी तिकडेच गेली. त्या दिवसांत जे सगळ्यांचं झालं तेच तिचं झालं. गुंडाळलेली न्यावी, परक्यांनी अग्नी द्यावा. तात्या स्वतः तापात पडलेले होते. त्यांना तोंड दिसलं नाही, राखसुद्धा दिसली नाही. पोरगा अशोक पुण्याला कंपनीत होता, तोही पोहोचू शकला नाही.

"ती गेली, मंदा. तुझ्यासमोर गाडीत घातली."

"म्हनून तर," मंदा म्हणाली.

तरी ती आली. मला एकटीला सोडायचं नव्हतं म्हणून आली.

तात्यांची वस्ती म्हणजे पत्र्याचं तीन खणांचं घर, समोर अंगण, गोठ्यात एक गाय. घोडेगावच्या बाजारातून आणलेली ती जर्सी गाय तेवढी धष्टपुष्ट होती. मागं पाच-सात पावलांवर ऊस सुरू होत होता, शेजाऱ्याचा, तोडणीला आलेला. एरवी अंगणात पाऊल टाकलं की तात्यांचा कुत्रा अंगावर यायचा. आज काही भुंकलं नाही.

तात्या चुलीपुढे बसले होते. गालफडं बसलेली, डोळे आत गेलेले. मी हात लावला तर अंग चुलीसारखंच तापलेलं. पण ते दूध आटवत होते. हळद, सुंठ, मिरी, वर खिसलेलं जायफळ. फळीवर आवळ्याचा मुरंबा, गुळवेलीची कांडकी, च्यवनप्राशाची बरणी, सगळं मांडलेलं. मला बरं वाटलं. म्हटलं, निदान स्वतःकडे बघतायत.

"तात्या, काय खाल्लंत आज?"

"भाकर खाल्ली की कोरभर."

"कधी?"

त्यांना आठवेना. मुरंब्याच्या बरणीचं झाकण मी उघडून पाहिलं. वरची फोडसुद्धा हललेली नव्हती.

"झोप?"

"ती जागी असती, मंग मला कशी लागंल?"

मंदा दारातच उभी होती. ती आणखी मागं सरकली. मी विषय बदलायचा म्हणून विचारलं, "कुत्रं दिसत नाही ते?"

"ते गेलं तिच्या मागं," तात्या म्हणाले. बाजारला गेलं म्हणावं तसं. मग दूध पितळीत ओततानाच त्यांनी मला विचारलं, "शिष्टर, तुमी शिकल्याल्या हायती. मेलेल्या मानसाला थंडी वाजती का?"

मी म्हणाले, "नाही, तात्या. त्यांना काही वाजत नाही. तुम्हाला वाजते. हे दूध तुम्ही प्या."

त्यांनी मान हलवली. "माझा खोकला काय, आज हाय उद्या न्हाई. तिचा पार छातीत उतरलाय. ऐका तुमी. आता दिस कलला, येईलच."

आणि आला.

सूर्य उसाच्या तुऱ्यांच्या खाली गेला होता, पण उजेड होता. आधी गाय उभी राहिली. तिनं कान मागं टाकले आणि दावं ताणलं. मग घरामागून, उसातून, खोकला ऐकू आला. खर्र... खस्स. खर्र... खस्स. कोरडा, खोल, छाती फाडून यावा तसा. थोडा थांबला, पुन्हा सुरू झाला. मंदानं माझं मनगट धरलं. तिची नखं रुतली ते मला घरी गेल्यावर कळलं.

मी उभं आयुष्य खोकले ऐकले आहेत. दम्याचा, टीबीचा, डांग्या खोकल्याचा, बिडीचा. भिंतीपलीकडून ऐकून मी सांगू शकते. भीती वाटली तरी कान सवयीनं काम करत राहतो. माणूस खोकतो तो श्वास बाहेर टाकताना. हा खोकला श्वास आत घेतानाही येत होता. आत घेताना खर्र, बाहेर टाकताना खस्स. असं कुणी खोकत नाही. जिवंत माणूस तर नाहीच. हे माझ्या लक्षात आलं, पण त्यानं धीर आला नाही.

तात्या उठले. एवढा तापलेला माणूस, पण पितळी हिंदकळू न देता चालत मागच्या दारी गेले. मागं धुण्याचा दगड होता, भागाबाईचा. मी त्यांच्या मागं कोपऱ्यापर्यंत गेले.

"तुमी नका येऊ, बाई," ते मागं न बघता म्हणाले. "परकं मानूस दिसलं की ती येत न्हाई जवळ."

खोकला थांबला. उसाची पानं एका जागी हलली. वारा नव्हता. मंदानं मला ओढत स्कूटीपर्यंत नेलं, आणि मी गेले. गोळ्या मात्र चुलीशेजारी ठेवून आले होते. तेवढंच भान राहिलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही पुन्हा गेलो. धुकं इतकं होतं की घर अंगणात गेल्यावर दिसलं. तात्या गोधडीत होते, कण्हत होते. मी थेट मागं गेले. पितळी दगडावर होती, चाटूनपुसून लख्ख. दगडाच्या भोवती सांडपाण्याचा चिखल, आणि त्या चिखलात पाऊल उमटलेलं. माझ्या पंजाएवढं. गोल, चार बोटं, नखं नाहीत. एक नव्हे, सगळीकडे. आणि त्या पावलांना लागून, अगदी लागून, तात्यांच्या वहाणांचे ठसे. एका जागी तर बसल्याची खूण होती. म्हातारा रोज दूध ठेवून तिथंच, दगडाशेजारी, मान खाली घालून बसत होता. हात लांबवला असता तर हाताला लागलं असतं.

"बिबट्या," मंदा पुटपुटली. आमच्या भागात बिबट्या काही नवा नाही. उसात राहतो, कुत्री नेतो, शेळ्या नेतो. पण आम्हाला त्याची गुरगुर माहीत होती. तो असा माणसासारखा खोकतो हे तोवर दोघींनाही ठाऊक नव्हतं.

भुताची भीती गेली आणि दुसरी, खरी भीती आली. मी आत जाऊन तात्यांच्या उशाशी बसले. कसं सांगावं कळेना. शेवटी सरळ सांगितलं, "तात्या, ते बिबट्या आहे. मागं पावलं आहेत."

ते माझ्याकडे कुशीवर वळले.

"पावलं मी बघितली, शिष्टर. माझा जलम रानात गेला. मला काय कुत्र्याचं आन् बिबट्याचं कळत न्हाई व्हय?"

"मग?"

"बिबट्या हाय म्हनून ती न्हाई, असं कसं म्हनता? मला कुनी दावली ती? कापडात कोन हुतं, मी बघितलं का तुमी बघितलं?" त्यांना दम लागला. मग हळू म्हणाले, "जवळ आली की भात शिजल्यावानी वास येतो. ती भात लावायची तसा."

वनखात्याच्या माणसानं नंतर मला सांगितलं, की हे जनावर आपली हद्द आखायला जे शिंपडतं त्याला कधीकधी सुवासिक तांदळासारखा वास येतो. असेल. पण तेव्हा, त्या धुक्यात, ते ऐकताना मला स्वतःला भाताचा वास आला, हेही खरं आहे.

एक गोष्ट मला दिसत होती. त्या खोकल्यासाठी तात्या रोज उठत होते. गाय पिळत होते, चूल पेटवत होते. तो खोकला नसता तर कदाचित त्यांनी अंथरूण केव्हाच धरलं असतं. आणि त्याच खोकल्यापायी ते जेवत नव्हते, झोपत नव्हते, थंडीत उघड्यावर बसत होते. आम्ही गावभर ज्या ज्या गोष्टी सांगत फिरतो, त्यातली एकही या माणसाच्या अंगाला लागत नव्हती. लागेल कशी? सगळं तो दुसऱ्यासाठी उकळत होता.

दुपारपर्यंत त्यांचा दम वाढला. बोटाला यंत्र लावलं, आकडा बघितला, पुन्हा लावून बघितला. ओठ निळसर दिसायला लागले होते. मी रुग्णवाहिकेला फोन केला. अशोकला केला. तात्या हट्टाला पेटले.

"न्हाई जायचा. तिला नेली ती आली का मागारी?"

"तात्या, आता तसं नाही. मी स्वतः बरोबर येते."

"आन् सांच्याला ती आली तं? घरी कुनी न्हाई. दूध न्हाई. ती काय समजंल?"

गाडी चारीवर येऊन उभी राहिली होती. भोंगा ऐकू येत होता. म्हाताऱ्यानं खाटेचा गात, बाजूचं लाकूड, धरून ठेवलेला. त्याला उचलून नेता आलं असतं, पण तसं नेलेलं माणूस परत यायची इच्छा धरत नाही, हे मी पाहिलं आहे.

"मी ठेवीन दूध," मी म्हणाले.

"तुमी?"

"मी."

"शपथ घ्या."

"आमच्यात शपथ घेत नाहीत, तात्या. हो म्हटलं की हो."

त्यांनी गात सोडला.

त्यांना तालुक्याच्या दवाखान्यात ऑक्सिजनवर ठेवून, अशोकची बस निघाल्याची खात्री करून मी परत फिरले. तोवर मंदानं वनखात्याला कळवलं होतं. वनरक्षक आला होता, तिशीतला मुलगा, गाडीबरोबर पिंजरा घेऊन. पिंजरा त्यानं कालव्याच्या अंगाला लावला, आत कोंबडी ठेवली. मी दुधाचं सांगितल्यावर तो माझ्याकडे बघतच राहिला.

"मॅडम, बिबट्याला हळदीचं दूध?"

"त्याला नाही. मी तात्यांना शब्द दिलाय."

"मग ठेवलं म्हनून सांगा की. त्यांना काय कळणार?"

मला कळणार होतं. तेवढं त्याला म्हणाले. तो चरफडला, पण ट्रॅक्टरवाल्या शेजाऱ्याला बोलावून त्यानं ट्रॅक्टर अंगणात दिवे लावून उभा केला, हातात पत्र्याचा डबा आणि काठी घेतली. "एवढी आजची संध्याकाळ. आणि वाकू नका. बसलेला, वाकलेला माणूस त्याला बकरीवाणी दिसतो. उभं राहिलं तर सहसा येत नाही अंगावर."

मी दूध केलं. हळद, सुंठ, मिरी, जायफळ, तात्या घालत होते तसं, अंदाजानं. पितळी घेऊन मागच्या दारानं बाहेर पडले. दिवस मावळत होता. ट्रॅक्टरचा उजेड घराला अडून मागं नुसता पिवळा धुरकट होऊन येत होता. दगड माझ्या गुडघ्याएवढाही उंच नव्हता. न वाकता त्यावर पितळी कशी ठेवायची, याचा आम्ही कुणीच विचार केला नव्हता.

मी वाकले.

तेव्हाच खोकला आला. दूर नाही, समोरच्या पहिल्या सरीतून. खर्र... खस्स. इतका जवळ, की पानांवरची धूळ हललेली दिसली. वनरक्षक मागून ओरडत होता, डबा वाजवत होता, पण तो आवाज मला विहिरीच्या तळातून ऐकावा तसा येत होता. मी सरळ झाले. पळायचं नाही एवढंच डोक्यात होतं. आणि मग मी बोलले. का बोलले याचं कारण माझ्याजवळ नाही. मी प्रार्थना करणारी बाई आहे, मेलेल्यांशी बोलणारी नाही.

"भागाबाई," मी म्हणाले, "तात्या दवाखान्यात आहेत. ताप आहे, पण बरे होतील. अशोक येतोय. तुम्ही काळजी करू नका."

खोकला थांबला. अर्ध्यातच थांबला, आत घेतलेला श्वास बाहेर आलाच नाही. वनरक्षकाचा डबाही थांबला. उसात काहीतरी होतं, ते माझ्याकडे बघत होतं, आणि त्याला वास होता. कसला ते मी लिहीत नाही. मी पाठ न फिरवता एकेक पाऊल मागं घेत भिंतीला टेकले. आत आल्यावर मंदानं दार लावलं आणि दोघी जमिनीवर बसून रडलो. वनरक्षक पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता.

सकाळी आम्ही तिघं मागं गेलो. दूध नव्हतं. पितळी दगडावर पालथी घातलेली होती, घासलेलं भांडं निथळायला ठेवतात तशी.

"चाटताना उलटली असंल," वनरक्षक म्हणाला.

"असंल," मंदा म्हणाली.

पुढच्या संध्याकाळी वनरक्षकाला कसंबसं राजी करून मी ट्रॅक्टरच्या उजेडात पुन्हा दूध ठेवलं. सकाळी त्यावर साय होती, सायीत मुंग्या. त्याच्या पुढच्या दिवशीही तसंच. पिंजऱ्यातली कोंबडी कोकलत राहिली, तिच्याकडेही कुणी फिरकलं नाही. खोकला पुन्हा ऐकू आला नाही. मग कारखान्याची टोळी आली आणि ऊस तुटायला लागला. ऊस तुटला की जनावर हलतं, यात नवल नाही. पण ते टोळी यायच्या आधीच हललं होतं. वनरक्षकाला मी त्याचं कारण विचारलं नाही, त्यानंही आपणहून सांगितलं नाही.

तात्या बरे झाले. औषधं होतीच, डॉक्टर चांगले होते. पण नर्स म्हणून जे दिसलं ते सांगते: अशोक रजा काढून उशाशी बसला, आणि तात्या पहिल्यांदा सलग झोपले. उठले तेव्हा भूक लागली म्हणाले. मंदानं घरून मुगाची खिचडी आणि लसणाची चटणी नेली, तर बोटं चाटली. ऊन यायच्या बाजूची खाट मागून घेतली. आठवडाभरात गालांवर मांस दिसायला लागलं.

घरी आणलं त्या दिवशी मी आणि मंदा वस्तीवर होतो. मला भीती होती. ऊस तुटून गेला होता. जिथं हिरवी भिंत होती तिथं नुसतं पाचट आणि थेट कालव्यापर्यंत मोकळं रान. तात्या अंगणात उभे राहून ते बघत राहिले. मग धुण्याच्या दगडापाशी गेले. मी बरोबर गेले.

"आली हुती?"

"एकदा आली," मी म्हणाले. "तुम्ही दवाखान्यात आहात म्हणून सांगितलं मी तिला. बरे होतील म्हणून सांगितलं."

"काय म्हनली?"

"काही नाही. खोकला थांबला."

अशोक आमच्याकडे आळीपाळीनं बघत होता. तात्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "मला कुनी येऊन सांगितलं न्हाई तिचं," ते म्हणाले. "फोन आला, पोराला आला. तिला तरी कुनी तोंडानं सांगितलं. ब्येस झालं."

दिवस कलला. कुणी उठायचं नाव घेईना. अशोक बाजेवर, मंदा उंबऱ्यात, मी भिंतीशी, आणि तात्या मागच्या दारात रानाकडे तोंड करून. गाय बसून रवंथ करत होती, कान सैल. कालव्याचं पाणी ऐकू येत होतं, लांबवर उसाची गाडी जात होती, तिच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. बाकी काही नाही. उजेड गेला तरी काही नाही.

"थांबला म्हनायचा," तात्या म्हणाले. "लई दिसांनी झोपली असंल."

सवयीनं त्यांनी संध्याकाळीच दूध आटवून ठेवलं होतं. ते आत गेले, पातेलं उचललं, पितळीकडे पाहिलं, आणि पितळी तशीच ठेवून फुलपात्रात ओतलं. चुलीपुढे बसून एक घोट घेतला. त्यांचं तोंड वाकडं झालं, डोळ्यांत पाणी आलं, ठसका लागला. अशोक पाठ चोळायला धावला. तात्यांनी हातानंच त्याला थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"लई तिखट झालंय की वं, शिष्टर," ते म्हणाले. "असलं पाजत हुतो व्हय मी तिला?"